चाळीस वर्तुळे आणि एक आत्मभान

जुनी दौत:
निळाई यांनी परवा लिहिले की, दोन दिवसांच्या एका कार्यशाळेत त्यांनी ‘एन्सो’, म्हणजे झेन या जपानी बौद्ध ध्यानपंथात कुंचल्याने एका दमात काढायचे वर्तुळ, चाळीस वेळा काढले आणि त्यांना ‘स्वतःचे खरे रूप’ दिसले. त्यांच्या मते शाई खोटे बोलत नाही, तेव्हा झेन कला हाताशी असेल तर भिंतीकडे तोंड करून तासन्‌तास ध्यानाला बसण्याचे कारण उरत नाही. असले काही वाचले की मी एरवी पुढे सरकतो. या वेळी सरकलो नाही, कारण त्या लेखाखाली लोक कार्यशाळेचे शुल्क विचारू लागले आहेत.

निळाई, ज्या हाकुइन या झेन गुरूने (१६८६–१७६९) काढलेला डोळे वटारलेला दारुमा, म्हणजे झेनचा आद्यगुरू बोधिधर्म, आपण लेखाच्या माथ्यावर लावला आहे, त्याने आपली बहुतेक चित्रे साठी उलटल्यावर काढली. त्याआधी तो कित्येक वर्षे बसला होता आणि त्या बसण्यापायी एकदा चांगला आजारीही पडला होता. दारुमाच्या चित्रांवर तो जी ओळ वारंवार लिहीत असे तिचा आशय असा की, थेट माणसाच्या मनाकडे बोट दाखवावे आणि आपला मूळ स्वभाव पाहून बुद्ध व्हावे. ती ओळ लिहिणाऱ्याच्या पाठीशी आयुष्य होते, आपल्या पाठीशी शनिवार आणि रविवार होते. याला आमच्याकडे ‘पी हळद आणि हो गोरी’ म्हणतात.

शिवाय दोगेन या झेन गुरूने १२३३ साली लिहून ठेवले आहे की, बुद्धाचा मार्ग शिकणे म्हणजे स्वतःला शिकणे आणि स्वतःला शिकणे म्हणजे स्वतःला विसरणे. यातला पहिला अर्धा भाग सर्वांना पाठ असतो, कारण तो भिंतीवर टांगता येतो.

निळाई:
आपला उपरोध पोचला. आता जे घडले ते नीट ऐका. पहिल्या वीसेक वर्तुळांत एकच खोड होती: सुरुवातीची रेघ संथ, आणि शेवट जवळ आला की मी कुंचला ओढून टोके जुळवून टाकत होते, त्यामुळे तिथे शाईचा गोळा साचत होता. कागद असा की शाई टेकताच पसरते, खोडता येत नाही आणि गिरवता येत नाही. शिकवणाऱ्या बाईंनी सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडले, त्या गोळ्यांवर बोट ठेवत गेल्या आणि एवढेच विचारले, “इथे घाई कसली होती?” मला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना भात भरवताना शेवटचे चार घास मी नेमके तसेच उरकते, हे त्या रात्री माझ्या लक्षात आले. हे आत्मभान नसेल तर आपण दुसरा शब्द सुचवावा.

आणि हाकुइनचेच म्हणाल तर त्याने ती चित्रे कोणासाठी काढली? आयुष्यात कधी ध्यानाला न बसणाऱ्या शेतकऱ्यांना आणि वाटसरूंनाही तो ती वाटत असे. चित्रातून काहीच पोचत नसते तर त्याने हा उद्योग कशाला केला असता?

निवृत्त मास्तर:
दोघेही परक्याच्या अंगणात भांडत आहात. ‘ध्यान’ या शब्दाचे पालीत ‘झान’ झाले, चीनमध्ये ‘चान’ आणि जपानमध्ये ‘झेन’. माल आपला, वेष्टन त्यांचे, आणि आपण ते दामदुप्पट भावाने परत विकत घेतो. इगतपुरीला १९७६ पासून विपश्यना ध्यानाची दहा दिवसांची शिबिरे भरत आहेत, तीही शुल्काविना. आणि कलेतून काही साधते की नाही, हा वाद तरी कशाला हवा? हेरिगेल नावाचा जर्मन प्राध्यापक १९२४ ते १९२९ या काळात सेंदाई येथे राहिला, आवा केन्झो यांच्याकडे धनुर्विद्या शिकला, आणि ‘मी बाण सोडत नाही, तो सुटतो’ या अनुभवापर्यंत पोचला. विषय संपला.

क्योटोकर:
मास्तर, विषय इथे सुरू होतो. मी अकरा वर्षे क्योटोत आहे. हेरिगेलने या धनुर्विद्येवर लिहिलेले पुस्तक इथे भेटणारा प्रत्येक पाहुणा वाचून आलेला असतो. यामादा शोजी या संशोधकाने त्यातला एकेक धागा उसवून दाखवला आहे. आवा यांनी झेनचे शिक्षण घेतलेले नव्हते, आणि हेरिगेलला जपानी बेताचीच येत असल्याने बरेचसे संभाषण दुभाष्यामार्फत चाले. आवा यांनी अंधारात मारलेला दुसरा बाण पहिल्याला चिरत गेला, या पुस्तकातल्या प्रसंगावर सगळे डोलतात. पण तो निव्वळ योगायोग होता, असे आवा यांनीच नंतर आपल्या एका शिष्याला सांगितले. राहिला प्रश्न प्राध्यापकांच्या आत्मभानाचा. ते १९३७ साली नाझी पक्षाचे सदस्य झाले.

जाता जाता दोन दुरुस्त्या. भिंतीकडे तोंड करून बसतात ते दोगेनच्या सोतो परंपरेतले. हाकुइन रिनझाई परंपरेचा. त्यांच्याकडे समोरासमोर बसतात. आणि हाकुइनच्या काही दारुमांत मूळ आराखड्याच्या फिकट रेघा आजही दिसतात, म्हणजे ‘एका दमात’ हे प्रकरणसुद्धा जपूनच घ्यावे.

निवृत्त मास्तर:
सांगणारा माणूस वाईट निघाला म्हणून अनुभव खोटा ठरतो, हा न्याय कुठला? व्यसनी गवयाचा षड्‍ज बेसूर लागतो काय? अकरा वर्षे क्योटोत राहून आपण फक्त पाहुण्यांची चूक काढायला शिकलात, असे दिसते.

क्योटोकर:
गवई षड्‍जाने मी सुधारेन असे म्हणत नाही, मास्तर. इथे दावाच तो आहे. आणि प्रश्न एकट्या हेरिगेलचा नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानमधील झेन मठांनी युद्धाला आशीर्वाद दिले. ज्यांच्या बोधाबद्दल कोणालाही शंका नव्हती असे हारादा दाइउन यांच्यासारखे गुरू सैनिकाच्या कूच करण्याला आणि गोळी झाडण्याला बोधाचाच आविष्कार म्हणत होते. सोतो संप्रदायाने १९९२ साली याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. ‘मी’ विसरणे साधले होते. विसरलेल्या जागी सम्राट येऊन बसला. मी स्वतः पहाटे बसतो, उदबत्ती जळून संपेपर्यंत पाऊण तास जातो, डुलकी लागली की जागे राहण्यासाठी हात जोडून खांद्यावर काठीचा फटका मागून घेतो. म्हणून हे बाहेरून बोलत नाही. बसण्याने माणसाला स्वतःचे दोष दिसतातच, एवढी खात्री मला आता उरलेली नाही.

जुनी दौत:
क्योटोकर, आपण माझ्या बाजूने बोलायला आलात आणि माझेच आसन ओढून नेलेत. ठीक आहे, एक कबुली देतो. मीही बारा वर्षे रोज पहाटे बसलो. या काळात माझा संताप तसूभरही कमी झाला नाही. फक्त मी तो अधिक शांत आवाजात व्यक्त करू लागलो आणि त्यालाच प्रगती समजत होतो. हे घरच्यांनी दाखवून दिले, उदबत्तीने नव्हे.

मास्तर, आपल्याला एवढेच सांगतो की, इगतपुरीची शिबिरे सुरू करणाऱ्या गोएंकांचा जन्म मंडालेचा आणि त्यांना ही विद्या दिली ब्रह्मदेशातल्या ऊ बा खिन यांनी. आपल्या मालाची मोजदाद करायची तर ती वाटेतल्या जकात नाक्यांसह करावी.

निवृत्त मास्तर:
मंडालेचे मान्य. माझ्याकडून आज एवढेच मान्य होईल. बाकीचे आपण बरणीत घालून मुरवत ठेवावे.

निळाई:
तुम्हा तिघांच्या युद्धात माझे वर्तुळ कुठे गेले ते मीच शोधते. दोगेनचा दाखला देणाऱ्यांनी त्याची भटारखान्याची गोष्ट का गाळली? तो चीनमध्ये असताना मठाचा अडुसष्ट वर्षांचा आचारी भर उन्हात, डोक्यावर टोपीही न घालता, अळिंबी वाळवत होता. हे काम दुसऱ्या कोणाला का सांगत नाही, असे दोगेनने विचारले, तेव्हा म्हातारा म्हणाला की, दुसरा म्हणजे मी नव्हे. म्हणजे साधना कामात होती आणि ते काम हातांचे होते. सासऱ्यांना भात भरवणे त्याच जातीचे आहे, आणि ते मला कागदावरच्या शाईच्या गोळ्याने दाखवले.

जुनी दौत:
गोळा मान्य. त्याला ‘घाई लक्षात येणे’ म्हणा, माझी हरकत नाही. ‘स्वतःचे खरे रूप’ म्हणू नका. आणि बसण्याची गरज उरत नाही, हे वाक्य आपण मागे घ्यावे.

निळाई:
वाक्य मागे घेते, कारण ते मी चाळिसाव्या वर्तुळानंतर लगेच, म्हणजे घाईतच लिहिले होते. आता आपणही एक वर्तुळ काढून इथे लावा. शेवट कसा जुळतो ते आम्ही पाहू.

जुनी दौत:
माझी शाई वाळून सात वर्षे झाली.

क्योटोकर:
पाणी घाला आणि घोटा. अर्धा तास लागेल.