कौलारू घर गळायलंय, शाकारायचं कुणी? मालकानं की भाडेकरूनं?

वडगावचा_भाडेकरू

नमस्कार मंडळी. बेळगावच्या वडगावात एका जुन्या कौलारू घरात दिवाळीनंतर राहायला आलोय, भाडं साडेसहा हजार, अ‍ॅडव्हान्स पन्नास हजार दिलंय. मिरगाला काय त्रास नव्हता पण आर्द्रा लागल्यापासून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आणि सोप्यात (पुढच्या खोलीत) दोन ठिकाणी गळायलंय. रात्री उठून पातेली बदलायची, आईचं अंथरूण तीनदा सरकवलं, आता सरकवायला जागा पण राहिली नाही. मालकांना फोन केला तर म्हणायलेत "राहणाऱ्यानं बघायचं असतंय, म्हणून तर भाडं कमी लावलंय, जमत नसेल तर रिकामं करा". अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्याचं आहे पण सगळं कन्नडात, मी सही करून मोकळा झालो, मला बोलता येतं वाचता येत नाही. काल झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराकडून वाचून घेतलं तर त्यात "सण्णपुट्ट दुरस्ती बाडिगेदारानं करायची" म्हणजे किरकोळ दुरुस्ती भाडेकरूनं, एवढंच आहे, कौलांचं नावच नाही. शाकारणारा माणूस सात हजार सांगतोय. हे माझ्याकडं येतंय का? शिवाय बोअरची मोटर जळली म्हणून तिन्ही भाडेकरूंकडून पैसे मागायलेत ते वेगळंच.

शहापूर_पेठ

मी स्वतः मालक आहे, दोन घरं भाड्यानं दिलीत, म्हणून सांगतो. आमच्या गल्लीत वडिलांच्या काळापासून रिवाज असा की शाकारणी मालकाची. मे महिन्यात माणूस वर चढवायचा, फुटकी कौलं काढायची, सरकलेली बसवायची, आढ्यावरचा गिलावा बघायचा. भाडेकरूला छपरातलं काय कळणार, आणि वासा कुजला तर नुकसान शेवटी माझंच की. मोटर पण मालकाची, भाडेकरूनं फारतर लाईट बिलातला वाटा द्यायचा. नळाचा वॉशर, मोरीत अडकलेलं, बल्ब बटणं हे राहणाऱ्याचं.

पण एक विचारतो, राग मानू नका. टीव्हीची डिश कुठं बसवलीय? आणि गळतंय ते नेमकं कुठं, भर कौलातनं की दोन उतार मिळतात तिथनं?

वडगावचा_भाडेकरू

डिश सोप्यावरच आहे. जानेवारीत बसवली, तो पोरगा कौलांवरनंच चालत गेला होता 🙈 माकडं पण येतात हो पण. स्वयंपाकघराचं म्हणाल तर बरोबर ओळखलात, दोन उतार मिळतात त्याच कोपऱ्यात आहे, भिंतीवरनं पाण्याचा ओघळच येतोय.

निपाणीकर

नवीन कायदा आलाय की, त्यात छप्पर मालकाचं म्हणून स्पष्ट लिहिलंय, दाखवा त्यांना. आणि आत्ताच फोटो काढून ठेवा. मी निपाणीत तीन वर्षं राहिलो, सोडताना मालकानं "ओलीनं भिंत खराब केलीस" म्हणून रंगाचे बारा हजार अ‍ॅडव्हान्समधनं कापले. ओल वरच्या मजल्याच्या बाथरूमची, आणि वर मालकच राहायचा! पण राहायला आलो तेव्हाचा एक फोटो नव्हता माझ्याकडं, काय बोलणार.

कोर्टाजवळचा_कारकून

वकिलांकडं काम करतो, वकील नाही, तेवढं धरून वाचा.

निपाणीकर म्हणतात तो कायदा नव्हे, केंद्रानं २०२१ साली काढलेला नमुना आहे, मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्ट. राज्यानं स्वीकारला तरच लागू. त्यात वाटणी चांगली केलीय खरी, छप्पर भिंती, रंगसफेदी, पाईप, वायरिंग मालकाकडं आणि वॉशर, मोरी साफ, स्विच सॉकेट, गिझर दुरुस्ती भाडेकरूकडं. बोलणी करताना समोर ठेवायला बरा, पण कोर्टात त्याच्यावर उभं राहू नका. कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा पण तुमच्या कामाचा नाही, भाडं महिना ३५०० च्या वर असलं की तो लागत नाही.

मग उरतो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम १०८. मजा बघा, ते कलम सुरूच असं होतं की वेगळा करार किंवा स्थानिक रिवाज नसेल तर पुढचे नियम. म्हणजे वर शहापूरचे मालक सांगतात तो मे महिन्यातल्या शाकारणीचा रिवाज नुसत्या गप्पा नाहीत, त्याला वजन आहे. शेजारच्या घरांत कोण करतंय ते विचारून ठेवा, तुमच्या आधीच्या भाडेकरूला पण विचारा. आता त्या कलमात मालकावर सरसकट सगळी दुरुस्ती टाकलेली नाही हे पण खरं. जी दुरुस्ती त्याच्याकडं बांधील आहे ती कळवून सुद्धा वाजवी वेळेत केली नाही तर भाडेकरूनं करून घ्यायची आणि खर्च व्याजासकट भाड्यातनं वळता करायचा, असं आहे. "कळवून" हा शब्द महत्त्वाचा. फोनवर भांडलात त्याला कळवणं कोण म्हणणार, व्हॉट्सअ‍ॅप तरी करा, रजिस्टर पोस्टानं पत्र गेलं तर फारच चांगलं. न कळवता सात हजार खर्चून भाडं कापलंत तर तुम्हीच थकबाकीदार ठरता. "रिकामं करा" ला लगेच घाबरू नका, मुदत संपून महिन्याच्या भाड्यावर राहिलेल्याला सुद्धा पंधरा दिवसांची नोटीस लागते, तुमची तर मुदत दिवाळीपर्यंत आहे.

दुसरी बाजू पण ऐका. त्याच कलमात भाडेकरूनं घर घेतलं तसं राखायचं, वापरानं होणारी झीज सोडून, आणि त्याच्या चुकीनं मोडलं तर मालकाच्या नोटिशीनंतर तीन महिन्यात भरून द्यायचं असंही आहे. डिशवाला तुम्ही बोलावलेला. सोप्यावरची कौलं तुमच्याच गळ्यात येतात असं माझं मत. कोपऱ्यातली नाही.

शहापूर_पेठ

तेच म्हणणार होतो. उतार मिळतात तिथं खाली पत्र्याची पन्हळ असते, ती गंजली की असाच ओघळ येतो, वरची कौलं कितीपण बदला. पन्हळ वर्षानुवर्षं गंजत आलेली, तुम्ही येऊन आठ महिने पण नाही झाले. आणि पावसात पूर्ण शाकारणी करूच नका, ओल्या कौलावर पाय ठेवला की दोन बसवताना चार फुटतात. आत्ता प्लास्टिकचा कागद टाकून घ्या, उघडीप मिळाली की पन्हळ बदला. सात हजार म्हणजे पूर्ण छपराचा दर दिसतोय, त्याला म्हणावं फक्त पन्हळ आणि फुटकी कौलं एवढ्याचं सांग.

वडगावचा_भाडेकरू

अपडेट देतो. काल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, ओघळाचा व्हिडिओ आणि डिशखालच्या पाच कौलांचं मी देतो असं सरळ लिहून पाठवलं. दोन तास निळी टिक, उत्तर नाही. मग त्यांचाच फोन, आवाज बराच खाली आला होता. शेजारच्या आजींनी सांगितलं आधीच्या भाडेकरूच्या वेळी दर मे महिन्यात मालक स्वतः माणूस घेऊन यायचे, यंदाच आले नाहीत, ते पण हळूच बोलून दाखवलं. पन्हळ ते करतायत, कौलं मी. मोटरचं म्हणाले "बघूया", म्हणजे ते भांडण शिल्लक आहे. रविवारी पाऊस थांबला तर माणूस येणार. शिडी मात्र मीच कुठनंतरी आणायची म्हणे, वडगाव बाजूला कुणाकडं वीस फुटी असेल तर सांगा.