'एथ्निक' म्हणजे वांशिक? जातीय? अडले आहे

मजकूरवाली:
इंग्लंड आणि वेल्सची लोकसंख्या कशी बदलत गेली यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. जनगणनेच्या अर्जात स्वतःला 'गोरे' म्हणवणारे २००१ मध्ये ९१.३ टक्के होते, २०११ मध्ये ८६ आणि २०२१ मध्ये ८१.७. आकड्यांची अडचण नाही, अडलंय ते शब्दापाशी. तिथल्या जनगणनेत १९९१ पासून 'एथ्निक ग्रुप' विचारतात. मी 'वांशिक गट' केलं होतं. संपादकांनी ते खोडून 'जातीय गट' केलं, कारण हिंदीत तसं लिहितात म्हणे. 'इंग्लंडमधले वाढते जातीय वैविध्य' असं शीर्षक वाचून मराठी माणसाला तिथे जातवार मोजणी सुरू झाली असंच वाटेल ना? दुसरा शब्द सुचवा, किंवा 'वांशिक'च्या बाजूने भांडायला मुद्दे द्या.

शब्दकण:
जातीय मुळीच नको. मराठीत त्या शब्दावर आधीच दोन ओझी आहेत. एक जातीचं, आणि दुसरं 'जातीय दंगल', 'जातीय तेढ' यातलं, जिथे आपण धर्मावरून झालेल्या भांडणाबद्दल बोलत असतो. तिसरं लादू नका. 'वांशिक' रुळलेला आहे. श्रीलंकेतला वांशिक संघर्ष, मणिपूरमधला वांशिक हिंसाचार, सगळी वर्तमानपत्रं हेच छापतात.

उंबरठा:
रुळलेला आहे म्हणून बरोबर आहे असं नाही. वंश म्हटलं की रक्त आलं, कातडीचा रंग आला. तो अर्ज एकदा नीट बघा. 'गोरे' या एकाच मथळ्याखाली ब्रिटिश वेगळे, आयरिश वेगळे, जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर (आयर्लंडमधले परंपरेने भटके लोक) वेगळे आणि २०२१ पासून रोमा वेगळे. इंग्लिश माणसाचा आणि आयरिश माणसाचा वंश निराळा असं कोण म्हणेल? 'एशियन'खाली भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी आणि चिनी एकत्र. लाहोरचा आणि अमृतसरचा पंजाबी दोन वंशांचे झाले का?

शिवाय शिखांचा खटला आहेच. बर्मिंगहॅममधल्या एका खाजगी शाळेने पगडी घालणाऱ्या मुलाला प्रवेश नाकारला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) गेलं आणि १९८३ मध्ये निकाल लागला की शीख हा 'एथ्निक' समूह आहे, त्यामुळे १९७६ च्या भेदभावविरोधी कायद्याचं संरक्षण त्यांना मिळतं. कसोटी कोणती लावली? सामायिक इतिहासाची दीर्घ जाणीव आणि स्वतःची सांस्कृतिक परंपरा. या दोन आवश्यक. भाषा, धर्म, साहित्य, मूळ भूमी या पूरक. रक्ताची तपासणी कुणी केली नाही. या निकालाच्या बातमीत 'वांशिक' लिहिलं तर अर्थच उलटा होतो.

शब्दकण:
उंबरठा, वंशाचा अर्थ तुम्ही फार अरुंद करताय. संस्कृतात वंश म्हणजे वेळू, बांबू. बासरीला वंशी म्हणतात ती त्यामुळेच. पेरावर पेर चढत जातं तशी पिढीवर पिढी. म्हणजे शब्दात मुळात रक्त नाहीच, परंपरा आहे. लॉर्डांनी जे म्हटलं तेच.

उंबरठा:
व्युत्पत्ती सुंदर आहे, पण आज वाचणाऱ्याला तिचा उपयोग काय? 'वंशाचा दिवा' म्हणताना कुणाच्या डोळ्यांसमोर वेळू येतो? मुलगाच येतो. शब्दाचा अर्थ लोक ज्यासाठी वापरतात तो.

सोअरकाठ:
लेस्टरमध्ये राहते, म्हणून लिहिते. आमच्या शहरात २०२१ मध्ये एशियन ४३.४ टक्के आणि गोरे ४०.९. इथे 'वाढते वैविध्य' ही लेखाची गोष्ट नसते, बसच्या रांगेत दिसते.

मजकूरवालीताई, तुमच्या लेखात भाषेचाही भाग असेल तर तिथे जास्त सांभाळा. अर्जात मातृभाषा विचारत नाहीत, 'मुख्य भाषा' विचारतात. सासूबाईंचा अर्ज मीच भरला. त्यांनी मराठी सांगितली, मग लगेच पुढचा प्रश्न आला की इंग्रजी कितपत बोलता येतं. 'चांगलं' म्हणा, त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे रोखून बघत राहिल्या. मुलीने स्वतःसाठी इंग्रजी निवडली. तिला तो पुढचा प्रश्न आलाच नाही. आजीशी ती दिवसभर मराठीच बोलते, पण मोजणीत तिची मराठी कुठेच नाही. ९१.१ टक्क्यांची मुख्य भाषा इंग्रजी, वेल्समध्ये इंग्रजी किंवा वेल्श, असं वाचाल तेव्हा हे लक्षात ठेवा. बाकीच्या ८.९ टक्क्यांच्याच घरात दुसरी भाषा आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

शब्दकण:
हे महत्त्वाचं. भारताच्या जनगणनेत मातृभाषेची व्याख्याच अशी की लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती. त्या हिशेबाने तुमच्या मुलीची मराठी नोंदली गेली असती. दोन्ही देशांचे आकडे एकाच रकान्यात मांडणारे लेख मी वाचलेत. चीड येते.

सोअरकाठ:
'एथ्निक'साठी मला 'मूळ' या शब्दाजवळचं काही आवडेल. आपण 'मूळचे कुठले?' विचारतोच की. 'मूळसमूह' कसा वाटतो? 'कूळ' घेऊन 'कुळगट'ही चालेल.

उंबरठा:
कूळ म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला कूळकायदा आठवतो. आणि 'मूळचे कुठले'बद्दल सांगतो. माझा भाचा तिकडेच जन्मला, वाढला. 'नाही, पण मूळचा कुठला?' हा प्रश्न त्याला परका ठरवण्यासाठीच विचारला जातो. जो शब्द त्याला बोचतो तो त्याच्यावर शिक्का म्हणून मारू नका. अर्जातलं उत्तर माणूस स्वतः देतो, दुसरा कुणी त्याचं मूळ शोधत नाही. शब्दात हे यायला हवं. साधा 'लोकसमूह' घ्या.

बखरवाचक:
सगळे 'जनगणना' म्हणताय ते आधी सोडा. आपल्याकडे 'खानेसुमारी' होता. खाना म्हणजे घर, सुमारी म्हणजे मोजणी. तिकडेही घरागणिक अर्ज भरतात, मग हाच शब्द चपखल. सरकारी संस्कृतापायी चांगले शब्द मेले.

शब्दकण:
खाना आणि शुमार दोन्ही फारसी. मराठीच हवा तर 'शिरगणती' म्हणा.

बखरवाचक:
कारखाना, दवाखाना, जवाहिरखाना काढून टाकणार का? तीनशे वर्षं तोंडात असलेला शब्द माझ्यासाठी मराठीच. ज्या धाग्यात दुसऱ्या देशाने परक्यांना कसं सामावून घेतलं हे बोलतोय, त्यात आपल्याच भाषेतल्या जुन्या शब्दांना परके म्हणणं मला मान्य नाही.

मजकूरवाली:
'लोकसमूह' पटतोय, पण विशेषण होत नाही. 'लोकसमूहीय वैविध्य' कोण वाचेल? आणखी एक शंका. २०११ मध्ये रोमानियन मुख्य भाषा सांगणारे ६८ हजार होते, २०२१ मध्ये ४ लाख ७२ हजार. रोमानिया २००७ मध्ये युरोपीय संघात आला आणि २०१४ मध्ये रोमानियनांवरची ब्रिटनमध्ये काम करण्याची बंधनं उठली, त्याचा हा परिणाम. पण संपादकांनी तिथेही 'रोमा लोकांची भाषा' अशी भर घातली आहे.

उंबरठा:
ती लगेच काढा! रोमानियन ही लॅटिनची लेक, फ्रेंच-इटालियनची बहीण. रोमा लोकांची रोमानी वेगळी, ती आपल्या कुटुंबातली. येक, दुइ, त्रिन, श्तार, पांज. पाण्याला पानी, काळ्याला कालो. 'जिप्सी' हे नाव इजिप्तवरून पडलं, ते तिथून आले या गैरसमजातून.

बखरवाचक:
पानी, कालो! म्हणजे राजस्थानीच. तिथल्या भटक्या गाडिया लोहारांशी नातं असणार.

शब्दकण:
इतकी उडी नको. भाषाशास्त्रज्ञ राल्फ टर्नर यांनी १९२६ मध्येच मांडलं होतं की रोमानीचा पाया भारतीय-आर्य भाषांच्या मध्यवर्ती गटाचा आणि नंतर वायव्येकडचे संस्कार. 'त्रिन'मधला त्र बघा. मराठीत प्राकृत 'तिण्णि'वरून तीन आलं, त्र गेला. वायव्येच्या काही भाषांत तो टिकला.

बखरवाचक:
मग 'त्रि' आपण संस्कृतातून परत घेतलाच ना, त्रिकोण, त्रिशूळ? त्याने काय सिद्ध होतं?

शब्दकण:
ते तत्सम. बोलीत टिकून राहणं वेगळं आणि पोथीतून परत आणणं वेगळं. यावर वेगळा धागा काढतो, तिथे या.