विषय: प्रागमध्ये सहकाऱ्यांबरोबर एक शनिवार

सप्रेम नमस्कार,

कार्यालयीन प्रशिक्षणासाठी पुढच्या महिन्यात आम्ही सहा जण प्रागला जात आहोत. प्रशिक्षण शुक्रवारी संपते आणि परतीचे विमान रविवारी संध्याकाळी आहे, त्यामुळे शहर पाहण्यासाठी शनिवारचा एकच पूर्ण दिवस हाताशी आहे. किल्ला, चार्ल्स पूल, खगोलीय घड्याळ, ज्यू वस्ती आणि जमल्यास नदीतील बोटीची फेरी, एवढे सगळे त्या दिवसात बसवण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. कोणी हे शहर आपल्या सहकाऱ्यांबरोबर पाहिले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

कळावे.

———

उत्तर: प्रागमध्ये सहकाऱ्यांबरोबर एक शनिवार

सप्रेम नमस्कार,

आपल्या यादीतून ज्यू वस्ती आधी वगळा, कारण जुनी दफनभूमी आणि बहुतेक सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे) ज्या संग्रहालयाच्या ताब्यात आहेत, ते शनिवारी बंद असते. आमच्या आठ जणांचा कार्यक्रम मीच आखला होता, त्यात दर चाळीस मिनिटांचा रकाना होता, आणि बंद फाटकासमोर सात जण माझ्या तोंडाकडे पाहत उभे राहिले, तेव्हा मला हा नियम कळला.

सकाळी २२ क्रमांकाच्या ट्रामने किल्ल्याच्या थांब्यावर उतरावे, म्हणजे चढ वाचतो आणि पुढे उतारानेच व्लतावा नदीकडे येता येते. कागदी तिकिटावर यंत्रात वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो. नुसते खिशात ठेवलेले तिकीट तपासनिसाच्या लेखी तिकीटच नसते. एवढ्या जणांत एखादा विसरतोच, तेव्हा ते काम एकाकडेच सोपवावे. किल्ल्यातील सेंट व्हायटस कॅथेड्रलचे बांधकाम १३४४ साली सुरू होऊन १९२९ साली पूर्ण झाले, हे ऐकल्यावर आमच्या प्रकल्पप्रमुखांनी मुदतीचा विषय दिवसभर काढला नाही. चार्ल्स पुलाची पायाभरणी १३५७ सालच्या सातव्या महिन्याच्या ९ तारखेला पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी झाली, असे सांगतात. वर्ष, तारीख, महिना आणि वेळ ओळीने मांडली की १३५७९७५३१ असा उलटसुलट सारखाच वाचता येणारा आकडा तयार होतो. खरेखोटे देव जाणे, पण आकड्यांत रमणारी मंडळी सोबत असतील तर पूल ओलांडायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ धरावा.

खरा वेळ राखून ठेवावा तो घड्याळासाठी. सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला वरच्या दोन झरोक्यांतून बारा प्रेषितांच्या मूर्ती फिरून जातात, बाजूचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, आणि हा छोटासा खेळ आटोपताच उंचावलेले मोबाईल खाली येऊन गर्दी पांगते. आम्हीही निघालो होतो, पण आमच्या चाचणी विभागातील एक सहकारी, जी एरवी बैठकीत चकार शब्द काढत नाही, ती तबकडीकडे पाहत मागेच राहिली. तिला बोलवायला गेले, तर तिने मलाच उभे करून वाचायला शिकवले. सगळ्यांत बाहेरच्या काळ्या कड्यावर सोनेरी हात दाखवतो ते जुने चेक तास, म्हणजे सूर्यास्तापासून मोजलेले चोवीस तास. आणि सूर्यास्ताची वेळ बदलत जाते म्हणून ते कडेही वर्षभर मागेपुढे सरकत राहते. चंद्राचा गोळा अर्धा रुपेरी व अर्धा काळा असून तो स्वतःभोवती फिरत कला दाखवतो, आणि सूर्य-चंद्र कोणत्या राशीत आहेत तेही राशीचक्राच्या कड्यावर दिसते. थोडक्यात, हे १४१० सालापासूनचे भिंतीवरचे पंचांगच आहे (राशी सायन, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या, एवढा फरक). एकेक करत बाकीचेही परत आले आणि पुढच्या तासाचे टोले पडेपर्यंत आम्ही तेथेच होतो. बोटीची फेरी हुकली, पण त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. म्हणून घड्याळानंतर कोणतेही ठरावीक वेळेचे आरक्षण ठेवू नये, असे माझे मत आहे.

कळावे, लोभ असावा.

———

उत्तर: प्रागमध्ये सहकाऱ्यांबरोबर एक शनिवार

सप्रेम नमस्कार,

वरील पत्राशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु ज्यू वस्ती वगळू नये. विमान संध्याकाळी असल्याने सामान हॉटेलमध्ये ठेवून रविवारी सकाळी नऊला, संग्रहालय उघडतानाच, तेथे पोहोचावे. किल्ला मात्र शनिवारीच उरकावा, कारण रविवारी सकाळी प्रार्थना असल्याने कॅथेड्रल पर्यटकांना दुपारनंतरच खुले होते. दफनभूमीत जागा अपुरी पडत गेल्याने थरांवर थर दफने झाली आणि १७८७ पर्यंतचे सुमारे १२,००० समाधीशिला तेथे एकमेकांना टेकून उभे आहेत. शेजारच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझी राजवटीत बळी गेलेल्या सुमारे ८०,००० ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत. येथे सहा जणांनी घोळक्याने फिरू नये. दाराशी वेळ ठरवून प्रत्येकाने आपापले आत जावे. ज्यू सणांच्या दिवशीही संग्रहालय बंद असते, तेव्हा तिकिटे काढण्यापूर्वी तारीख पडताळून पाहावी.

कळावे.