हॉटेलचे रिव्ह्यू: कुणाचं ऐकलंत आणि काय झालं?

गोदाकाठ
लेक-जावई डिसेंबरात दिल्लीला निघालेत, सोबत मी आणि विहीणबाई. त्यामुळे सध्या रोज रात्री जेवणं उरकली की आमच्याकडे हॉटेलांचं पारायण असतं. करोलबागेतलं एक सापडलंय, ४.१ वालं. एक बाई म्हणतात, 'अगदी घरच्यासारखं वाटलं.' लगेच खाली एकजण, 'उशीवर आधीच्या माणसाचे केस.' दोघंही एकाच आठवड्यात राहिलेले! जावई म्हणतात सरासरी बघा. लेक म्हणते फक्त वाईट तेवढं वाचायचं. विहीणबाईंचा एकच प्रश्न, जवळ देऊळ आहे का?

हे ऐकता ऐकता मला आमचं कलकत्ता आठवलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट, तेव्हा नाव कलकत्ताच होतं. सडर स्ट्रीटच्या बाजूला एका लॉजमध्ये उतरलो होतो. मॅनेजरने मोठ्या कौतुकाने अभिप्रायाची वही पुढे केली. पानंच्या पानं 'व्हेरी गुड', 'एक्सलंट', आणि मध्येच सुवाच्य मराठीत कुणी सद्गृहस्थ लिहून गेलेले: 'दुसऱ्या मजल्यावर मागची खोली घेऊ नये, रात्रभर पंप चालतो. पाणी सहाच्या आत भरून ठेवावे. मॅनेजर गोड बोलतो, हिशेब आपला आपण करावा.' त्याखाली सही आणि 'मु. पो. निफाड'. ह्यांनी वही मिटली, 'नाइस' म्हणाले आणि पुढची खोली मागितली. आम्हाला मागची नको हे कसं कळलं, याचं मॅनेजरला कोडं पडलं होतं.

तर तुमचे किस्से येऊ द्यात. आणि करोलबाग की पहाडगंज तेही सांगा.

चिंगी
निफाडकरांना साष्टांग :हाहा:
मी अजूनही असे रिव्ह्यू मराठीतच लिहिते. आता मेला तो भाषांतराचं बटण दाबून वाचतो आणि खाली उत्तर देतो, 'डियर गेस्ट, वुई आर डिलायटेड.'

पायलीचे पन्नास
पहाडगंज नको. म्हणजे वाईट आहे असं नाही, नवी दिल्ली स्टेशनच्या दारात आहे, पण साठीच्या पुढची मंडळी असतील तर त्या गर्दीतून बॅगा ओढणं नको. करोलबागेत मेट्रोच्या जवळचं बघा. आणि स्टेशनबाहेर कुणी म्हणालं की 'तुमचं हॉटेल बंद झालं, आग लागली, मी दुसरं दाखवतो', तर सरळ हॉटेलला फोन लावा. फार जुनी युक्ती आहे ती. आम्हाला तर 'त्या भागात दंगल चालू आहे' असं सांगितलं होतं. मी तिथूनच फोन केला, रिसेप्शनवाला म्हणाला, दंगल नाही सर, मटार सोलतोय.

घाटमाथा
बनारस. घाटावरचं हॉटेल, गंगा दिसते, ४.६. सगळ्यांनी भरभरून लिहिलेलं. सगळे म्हणजे पाठीवर सॅक अडकवून फिरणारी पोरंपोरी, हे नंतर लक्षात आलं. रिक्षावाल्याने गोदौलियाला उतरवलं, पुढे गाडी जात नाही. तिथून गल्ल्या, गाई, शेण, मग पायऱ्या. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. एका पायरीवर त्यांनी बसकण मारली आणि म्हणाल्या, 'मला इथेच मोक्ष मिळाला तरी चालेल, तुम्ही पुढे व्हा.' शेवटी हॉटेलचा पोरगा आला, डोक्यावर सुटकेस आणि हाताला सासूबाई असं वर घेऊन गेला. खोली झकास होती हो. पण चार दिवस त्या खाली उतरल्या नाहीत, गंगा गच्चीतूनच पाहिली.
आता मी आधी लिहिणाऱ्याचे बाकीचे रिव्ह्यू उघडते. ज्याने ट्रेकची बुटं आणि हॉस्टेलं यांवर लिहिलंय त्याचं 'जस्ट शॉर्ट वॉक' आपल्या कामाचं नाही.

रिकामटेकडा
'जस्ट शॉर्ट वॉक'ला +१

मावळतीची
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. भाचा न्यूजर्सीहून आला होता, त्याला जयपूर दाखवायला घेऊन गेलो. साधंच पण नीटनेटकं हॉटेल बुक केलेलं. रात्री पोचलो तर काउंटरवरचा म्हणे, यांचा पासपोर्ट अमेरिकन, आम्ही घेत नाही. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची ऑनलाइन माहिती कळवावी लागते, फॉर्म सी म्हणतात त्याला. लहान हॉटेलवाले ते झंगट नको म्हणून नाहीच म्हणतात. पोरगं शुद्ध मराठीत विचारतंय, 'काका, मी परदेशी कसा?' एका रिव्ह्यूत होतं हे, 'फॉरेनर्स नॉट अलाउड', आम्ही वाचून म्हटलं आपल्याला काय त्याचं.
शिट्टी झाली, येते.

लॉबीवाला
बरीच वर्षं फ्रंट ऑफिसला काढली आहेत, आता दुसरं काम करतो, त्यामुळे पोटातलं बोलतो.

'अमुक सरांनी खूप मदत केली, तमुक मॅडमची सर्व्हिस छान', अशा एकओळी पाच ताऱ्यांच्या रांगा दिसल्या की समजा काउंटरवर टार्गेट आहे. चेकआउटच्या वेळी क्यूआर कोड पुढे करतात, 'सर, प्लीज माझं नाव टाका.' त्या पोरांचा राग करू नका, त्यावर त्यांचा इन्सेंटिव्ह असतो. फक्त ते सोडून वाचा. तीन ताऱ्यांवाले वाचा. तीन देणारा माणूस भांडायला आलेला नसतो आणि त्याला लेट चेकआउटही मिळालेलं नसतं.

'गरम पाणी नाही' ही तक्रार नीट वाचायची. किती वाजता नाही, कुठल्या मजल्यावर नाही? सेंट्रल लाइन असेल तर टोकाच्या खोलीत नळ बराच वेळ सोडून ठेवावा लागतो, लोक एक मिनिट हात धरतात आणि एक तारा ठोकतात. पण महिन्याभरात तिघांनी तेच लिहिलं असेल तर ते खरं. दिल्लीत डिसेंबरात जाताय तर फोन करून दोन गोष्टी विचारा: बाथरूममध्ये स्वतंत्र गीझर आहे का, आणि हॉटेलात बँक्वेट हॉल आहे का. तो लग्नसराईचा मोसम असतो. खोली हॉलच्या वर आली तर रात्री उशिरापर्यंत डीजे आणि पहाटे बिदाईची रडारड.

ॲपवरचे तारे आणि हॉटेलचे तारे वेगळे. थ्री स्टार, फाइव्ह स्टार हा दर्जा पर्यटन मंत्रालयाची समिती तपासून देते, ॲपवरचे तुम्हीआम्ही देतो. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करायचे, कसे छापायचे यावर भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये एक मानकही काढलं, आयएस १९०००. ऐच्छिक आहे, त्यामुळे किती जण पाळतात ते तुम्हीच बघा.

आणि हो, ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के झालाय, आधी १२ होता. बिल बघून घ्या.

चिंगी
लॉबीवाला, खोलीतल्या किटलीबद्दल सांगा ना. आतून कोण धुतं?

लॉबीवाला
चिंगी, झोपेचं खोबरं होईल. स्वतःची घेऊन जा.

पायलीचे पन्नास
आम्ही किटलीत अंडी उकडतो.

चिंगी
तरीच!! महाबळेश्वरला माझ्या चहाला वास येत होता!

सांजसावली
थोडं वेगळं लिहिते. बाबांच्या उपचारासाठी परळला टाटामध्ये यायचं होतं, आम्ही खानदेशातले, मुंबईत कुणी नाही. जवळपासची राहायची ठिकाणं शोधत होते. एका लॉजवर एक ताऱ्याचा रिव्ह्यू होता, 'इथे सगळे पेशंटच दिसतात, कॉरिडॉरमध्ये मास्क लावलेली माणसं, फॅमिलीने जाऊ नये, मूड जातो.' मी तेवढं वाचलं आणि तेच बुक केलं. गेल्यावर कळलं, मालकाने मजल्याच्या टोकाला शेगडी ठेवली होती, मऊ भात, पेज करून घेता यायची. शेजारच्या खोलीत अकोल्याच्या एक मावशी होत्या, त्यांनी मला केसपेपरची रांग कुठे, रक्त तपासायला किती वाजता उभं राहायचं, सगळं सांगितलं. नंतर दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली, तेव्हा तिकडे हललो.
त्या माणसाचा मूड गेला, आमची सोय झाली.

घाटमाथा
सांजसावली, बाबा कसे आहेत आता?

सांजसावली
बरे आहेत. फॉलोअपला येतो. आता तेच लोकांना रांग कुठे ते सांगतात.

मावळतीची
खूप बरं वाटलं वाचून. (वरण झालं.)

कालव्याकाठी
ॲमस्टरडॅममधून हाय. भारतातून येणाऱ्यांनो, इथल्या रिव्ह्यूत 'चार्मिंग कॅनाल हाउस' दिसलं की लगेच 'लिफ्ट' शब्द शोधा. जुन्या घरांचे जिने म्हणजे माळ्यावर चढायची शिडी. आईबाबा आले तेव्हा आमचं घर लहान म्हणून जवळच हॉटेल घेतलं, ८.९, वर 'लोकेशन सुपर्ब'. बाबा जिना चढले ते हाताचे पंजे पुढच्या पायरीवर टेकून. उतरताना तोंड भिंतीकडे, पाठ रस्त्याकडे. आईने व्हिडिओ काढून नगरच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला. रिव्ह्यूत कुणीच खोटं लिहिलं नव्हतं म्हणा, 'टिपिकल डच स्टेअर्स' असं कौतुकाने लिहिलं होतं. शिवाय इथे २०२४ पासून पर्यटक कर भाड्याच्या साडेबारा टक्के आहे, दिसलेल्या किमतीत तो धरलाय का ते बघून घ्या.

रिकामटेकडा
माझा सोपा नियम. पाहुण्यांनी काढलेले फोटो बघायचे, हॉटेलवाल्यांचे नाही. पाहुणा बाथरूमचा फोटो टाकतो, हॉटेलवाला फळांच्या टोपलीचा. ती टोपली आजवर एकाही खोलीत दिसली नाही.

घाटमाथा
आणि पलंगावरचा हंस! टॉवेलचा!

रिकामटेकडा
हंस मिळाला होता एकदा. पण मग अंग पुसायला टॉवेल नव्हता. रिसेप्शनला विचारलं तर म्हणाला, सर, हंस उघडा.

गोदाकाठ
:हाहा: विहीणबाईंना वाचून दाखवलं, त्या हंसावर अडकल्यात.

लॉबीवाला, तुम्ही सांगितल्याप्रमाणे फोन केला. स्वतंत्र गीझर आहे. बँक्वेट आहे का विचारलं तर तो भलताच खूश, 'कितने लोगों का फंक्शन है मॅडम?' म्हणजे आहे. ते ४.१ वालं बाद. आता झंडेवालानच्या बाजूचं एक ३.९ बघतोय, तिथे देवीचं देऊळही जवळ आहे, त्यामुळे एका सभासदाचं मत आधीच पडलंय. तक्रारी बहुतेक 'पार्किंग नाही'च्या आहेत. आम्हाला कुठली गाडी!

पायलीचे पन्नास
घ्या ३.९. लाल किल्ला सोमवारी बंद असतो हे लक्षात ठेवा. डिसेंबरअखेर धुक्याने गाड्या लटकतात, पहाटे पोचणारी गाडी दुपारीही पोचू शकते, तेव्हा हॉटेलला आधी सांगून ठेवा, नाहीतर 'नो शो' म्हणून खोली दुसऱ्याला देऊन मोकळे. आधारची प्रत देताना मास्क्ड द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

मावळतीची
विहीणबाईंबरोबर एकाच खोलीत का गं? आमच्याकडे त्यावरून स्वतंत्र धागा निघेल.

गोदाकाठ
एकाच. त्या घोरतात, मी पहाटे उठते. जमेल. घोरण्यावर अजून कुणी तारे देत नाही.

चिंगी
ते सगळं ठीक आहे, पण पायलीचे पन्नास, अंडी किटलीत किती वेळ ठेवता? पाणी उकळलं की ती आपोआप बंद होते ना?

पायलीचे पन्नास
बंद झाली की परत लावायची. तीनदा. मग झाकण ठेवून दहा मिनिटं गप्प बसायचं. मीठ न्यायला विसरू नका.