आईची हाडांची डेन्सिटी टेस्ट (डेक्सा) करावी का? ती तयार होत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई ६१ वर्षांची, बाबांबरोबर तासगावजवळ गावी असते, मी पुण्यात. घरात प्रत्येकाचं वेगळं मत पडलंय म्हणून इथे विचारतेय. ज्यांनी ही टेस्ट स्वतः केलीय किंवा आईवडिलांची करून घेतलीय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

आधी हिस्ट्री सांगते. आईची पिशवी चाळिशीतच काढली, अंगावरून फार जायचं म्हणून, आणि त्याच ऑपरेशनमध्ये बीजकोशही काढले, म्हणजे पाळी जाऊन आता वीसेक वर्षं झाली. हार्मोनच्या गोळ्या वगैरे तेव्हा काही दिल्या नव्हत्या. दमा आहे, पंप रोजचा, आणि थंडीत जास्त झालं की स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स होतो. मागच्या पावसाळ्यात मोरीत पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर झालं, हाड जुळलं, पण पकड अजून पहिल्यासारखी नाही, भाकरी थापताना डाव्या हाताने परात धरली तरी ती फिरते. त्यात मला हल्ली तिची उंचीच कमी झाल्यासारखी वाटतेय. मांडणीच्या वरच्या फळीवरचे डबे ती आधी सहज काढायची, आता पाट घेऊन चढते (आणि त्या पाटावरून पडेल याची मला वेगळी धास्ती). आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, खुब्याचं हाड मोडलं होतं आणि त्यानंतर ती अंथरुणातून उठलीच नाही.

मध्यंतरी गावात फुकट तपासणीचा कॅम्प झाला. टाचेला जेल लावून पाय मशीनमध्ये ठेवला, दोन मिनिटांत चिठ्ठी दिली, मायनस २.८, हाडं ठिसूळ आहेत म्हणाले आणि तिथल्या तिथे पावडरीचा महागडा डबा गळ्यात मारला. मला याचा फार राग आला, कारण डॉक्टरला दाखवा असं एकानेही सांगितलं नाही. नंतर हाडांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी थ्री चालू ठेवा, वयाप्रमाणे होतंच. स्त्रीरोगतज्ज्ञ बाई मात्र म्हणाल्या की डेक्सा कराच, पिशवीबरोबर बीजकोश काढलेत ना.

बाबांचं म्हणणं, कॅल्शियम चालूच आहे, टेस्ट केली तरी गोळ्या त्याच, मग कशाला एवढ्या लांब न्यायचं. आणि आई तर वेगळंच बोलली. म्हणाली, "रिपोर्ट वाईट आला की तुम्ही मला बागेत पाऊल टाकू देणार नाही. आईला घरात बसवलं तसं मला बसवू नका." द्राक्षाच्या विरळणीला ती अजून बायकांबरोबर दिवसभर उभी असते, तिचा सगळा जीव त्या बागेत आहे. यावर मला काय बोलावं सुचलंच नाही.

मी वाचलंय त्याप्रमाणे टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना करून डेक्सात काढतात तो आकडा) मायनस एकपर्यंत ठीक, मायनस एक ते अडीचमध्ये हाडं विरळ आणि मायनस अडीच किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. पण बाहेरच्या देशांत ६५ नंतर सरसकट करा म्हणतात, मग ६१ ला करावी का? कॅम्पचा आकडा धरायचा का? आणि मेन म्हणजे रिपोर्टने उपचारात खरंच काही बदलतं का, का बाबा म्हणतात तेच बरोबर?

प्रतिसाद १

ताई, ६५ चा नियम ज्यांना काही रिस्क नाही त्यांच्यासाठी. पाळी गेलेल्या बाईला रिस्क असेल तर आधीच करतात आणि तुमच्या आईंना एक नाही, चार-पाच आहेत. मी फिजिओ आहे, असे पेशंट रोज बघते. पन्नाशीनंतर उभ्या उभ्या पडून मनगट मोडणं हीच मोठी खूण आहे, निरोगी हाड तेवढ्याने सहसा मोडत नाही. आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडलेला असणं, स्टेरॉइडच्या गोळ्या हे सगळं डॉक्टर फ्रॅक्स नावाच्या हिशोबात धरतात, पुढच्या दहा वर्षांत हाड मोडायची शक्यता किती ते त्यातून निघतं.

टाचेच्या मशीनवरून निदान होत नाही, तो आकडा डेक्साच्या टी-स्कोअरशी जुळवायचा नसतो. डेक्सा खुबा आणि कमरेचा मणका दोन्हीची करा. नुसता मणका नको, कारण मणके झिजलेले किंवा दबलेले असले तर तिथला आकडा उगाच चांगला दिसतो. उंची कमी झालीय म्हणताय तर पाठीचा साधा एक्सरेही सांगा, मणका गुपचूप दबलेला असू शकतो, दुखतंच असं नाही.

बाबांना सांगा, गोळ्या त्याच नसतात. कॅल्शियम, डी हा नुसता पाया. ऑस्टिओपोरोसिस निघाला तर आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असते (सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही) नाहीतर वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन. त्याआधी डी, कॅल्शियम आणि किडनीचं रक्त तपासतात. दाताचं मोठं काम बाकी असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा. आणि आईंना माझ्याकडून सांगा की बसून हाडं अजून कमजोर होतात, उभं राहून काम केलेलं चांगलंच. मणका दबलेला असेल तर फक्त वाकून क्रेट उचलायचे नाहीत, विरळणी चालेल. बागेत जायचंय म्हणूनच टेस्ट करायची.

प्रतिसाद २

माझी झालीय. काही दुखत नाही, सुई नाही, बोगद्यात घालत नाहीत. उघड्या टेबलावर उताणं झोपायचं, मणक्यासाठी पाय एका चौकोनी फोमवर ठेवतात, खुब्यासाठी पाऊल आत वळवून पट्टा लावतात, पंधरा-वीस मिनिटांत मोकळ्या. रेडिएशन छातीच्या एक्सरेपेक्षाही कमी. कॅल्शियमची गोळी आदल्या दिवसापासून बंद ठेवा, साडीच्या पिना काढाव्या लागतात, बिनधातूचा गाऊन घालून गेलेलं सोपं. नुकताच डाय देऊन सीटी स्कॅन झाला असेल तर सांगा, थोडे दिवस थांबायला लावतात. पुढच्या वेळी शक्यतो त्याच मशीनवर करा, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं, क्रेटचं ऐकून म्हणाली, "क्रेट तर गडीच उचलतात." तयार झालीय, पण फळछाटणी उरकल्यावर म्हणते. तोवर थांबलं तर चालेल का, का आत्ताच न्यावं? आणि मिरज-सांगलीकडे खुबा आणि मणका दोन्ही करणारं सेंटर कुणाला माहीत असेल तर खर्चासकट सांगा, पुण्यापर्यंतचा प्रवास तिला पंपावर झेपत नाही.