घोट्यातला स्क्रू की दोरी-बटन? ती पोस्ट वाचून राहवलं नाही

गोदाकाठ: परवा इथं एकानं टाकलं, "घोट्याच्या वरचं लिगामेंट तुटलं की डॉक्टर दोरी-बटन (हाडांतून ओवलेली दोरी, दोन्ही टोकांना धातूची बटनं) बसवायलेत, निव्वळ धंदा. स्क्रू टाका अन् मोकळे व्हा." मोकळे? माझा स्क्रू तीन महिन्यांनी काढला. पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा कुबड्या. ते लिगामेंट नडगी अन् तिच्या बाजूचं बारीक हाड बांधून ठेवतं, पण चालताना दोन्ही हाडं किंचित हलतात. स्क्रू ते हलणंच गच्च करतो, मग वजन पडलं की सैल होतो नाहीतर तुटतो. दोरी तेवढी हालचाल राहू देते. कळत नसंल तर लिहू नये.

उसाचा_फड: पोस्ट माझीच. चुलतभाऊ फडात ट्रॉलीवरून उतरताना पाय पिळला. दोरी-बटनाचा आकडा ऐकून वहिनी म्हणाली, मुकादमाची उचल फेडावी का बटन बसवावं? दोन स्क्रू टाकले. एक तुटून आतच हाय. त्यानंतर दोन हंगाम तोडणी केली त्यानं. तुमचा काढला, कारण तुमच्याकडं पैसे होते.

मांजराकाठ: फिजिओ आहे, म्हणून बोलतो. त्रास नसेल तर स्क्रू, तुटका असला तरी, काढलाच पाहिजे असं आता फारसं कुणी म्हणत नाही. फडवाले तेवढ्यापुरते बरोबर. पण दोरीत दुसऱ्या ऑपरेशनची पाळी कमी येते, हेही खरं. अर्थात दोरीची गाठ कातडीखाली टोचली की तीही काढावी लागते. नुसता मुरगळलेला पाय तर बहुतेक वेळा पट्टा अन् व्यायामानंच बरा होतो. पण पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं दाबल्यावर घोट्याच्या वर कळ आली तर हेच वरचं लिगामेंट दुखावलं असेल, सावध व्हा. आमच्याकडं लोक आधी हाडवैद्याकडं चोळून घेतात, तिथंच सगळं बिघडतं.

उसाचा_फड: आलात मूळ पदावर! माझ्या आजीचं मनगट हाडवैद्यानंच बसवलं. मरेपर्यंत भाकरी थापली तिनं.

मांजराकाठ: अन् माझ्याकडं गेल्या महिन्यात आलेल्या पोराला कामट्या इतक्या आवळून बांधल्या होत्या की बोटं काळीनिळी, कातडीवर फोड. त्याची आजी पण भाकरी थापत असंल.

उसाचा_फड: आजीवर जायचं नाही!!

गोदाकाठ: आजीला तुम्हीच आणलं मधी. धागा स्क्रूचा हाय.

पूर्णेचा_पाहुणा: आमच्या गावाहून एक्स-रे काढायला दोन गाड्या बदलून जावं लागतं. हाडवैद्य पारावर बसलेला असतो. लोक कुणाकडं जातील? नुसतं हसायलाव तुम्ही.

मांजराकाठ: हसत नाही. पारापर्यंत जाणं चुकत नाही. चोळून पोराला लगेच कबड्डीला उतरवतात, ते चुकतं.

उसाचा_फड: बरं. "निव्वळ धंदा" एवढं मागं घेतो. खेळणाऱ्या पोरानं, खिशात असतील तर, बसवावं बटन. हाडवैद्याचं मात्र काही मागं घेत नाही. भावाचा एक्स-रे टाकू का? तुटका स्क्रू बघा गोदाकाठ, तुमच्यापेक्षा सरळ चालतो तो.

मांजराकाठ: टाका. पण उभं राहून काढलेला. झोपून काढला तर हाडांमधली फट झाकून जाते.

उसाचा_फड: झोपूनच काढलाय.

गोदाकाठ: 🙏