लिव्हरपूलचा स्काउस आणि हॅम्बुर्गचा लाब्सकाउस: नाव नेमकं आलं कुठून?

दर्यावर्दी: मंडळी, लिव्हरपूलच्या लोकांना स्काउसर म्हणतात ते तिथल्या स्काउस नावाच्या स्ट्यूवरून, हे माहिती होतं. पण जर्मनीतल्या हॅम्बुर्गला लाब्सकाउस, नॉर्वेत लाप्सकाउस, हा काही योगायोग वाटत नाही. एके ठिकाणी वाचलं की मूळ लॅटव्हियन आहे, 'लाब्स काउस' म्हणजे चांगला वाडगा. खरंय का हे?

शब्दवेडा: लॅटव्हियनची गोष्ट गोड आहे पण तारखा जुळत नाहीत हो. इंग्रजीत स्काउसचं मूळ लांब रूप लॉब्सकाउस, ते 18व्या शतकाच्या सुरुवातीलाच छापलेलं सापडतं, जर्मन उल्लेख त्यानंतरचे, म्हणजे इंग्रजी खलाशांबरोबर शब्द बंदराबंदरातून फिरला असणार असं मला तरी पटतं. 'लॉब'चं नातं बहुतेक लॉबलॉलीशी, म्हणजे जहाजावरची घट्ट लापशी, हा शब्द तर 16व्या शतकापासूनचा. आजारी खलाशांना ती भरवणारा, डॉक्टरच्या हाताखालचा पोरगा म्हणून लॉबलॉली बॉय. पुढच्या 'स्काउस'चा उलगडा मात्र डिक्शनरीवाल्यांनाही झालेला नाही. स्मॉलेट या ब्रिटिश लेखकाच्या 1751 च्या कादंबरीत स्पेलिंग 'लॉब्स कोर्स' असं आहे, त्यावरून काहीजण जेवणातला कोर्स म्हणतात, पण स्पेलिंग तेव्हा कोण कसंही लिहायचं, एवढ्यावर भरवसा नको.

रटरटरस्सा: नावाइतकीच आतली भानगड पण भारी आहे. सुरुवातीला बटाटा मुख्य नव्हताच, खारवलेलं मांस, कांदा, मिरपूड आणि दाटपणासाठी शिप बिस्किटं, म्हणजे खलाशांची टिकाऊ बिस्किटं, फोडून टाकायची, ती दगडासारखी कडक असायची म्हणून शिजवूनच खाण्यात अर्थ होता. बटाटा स्वस्त झाला तसा तो घुसला आणि पदार्थ जहाजावरून उतरून गरिबांच्या घरी गेला. 1797 मध्ये फ्रेडरिक ईडनने गरिबांच्या परिस्थितीवर लिहिलं त्यात लिव्हरपूलच्या वर्कहाउसच्या, म्हणजे गरिबांना ठेवायच्या सरकारी आश्रयगृहाच्या, जेवणातही लॉब्सकाउस आहे. मांसाला पैसे नसले की नुसत्या भाज्यांचा, त्याला ब्लाइंड स्काउस म्हणतात. हॅम्बुर्गचं प्रकरण अगदी वेगळं, तिथे खारं मांस आणि बटाटा घोटून एकजीव करतात, बीटमुळे गुलाबी होतं, सोबत तळलेलं अंडं आणि हेरिंग मासा. बघून कोणी म्हणणार नाही की हे दोघे एकाच घरातले.

दर्यावर्दी: वा, मनापासून आभार दोघांचे. बिस्किटांचं अजिबात माहिती नव्हतं! वेल्समध्येही हे करतात ना?

शब्दवेडा: हो, उत्तर वेल्समध्ये लॉब्सगाउस. आणि नॉर्वेजियन लोकांनी तर नाव अमेरिकेत नेलं, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एट्थ अव्हेन्यूवर त्यांची इतकी वस्ती होती की त्या रस्त्याला लाप्सकाउस बुलेवार्ड म्हणायचे.